रिपोर्टात ‘एफटीओ : उच्च धोका’ आलं, मग वजन उतरवायचा खटाटोप कशाला?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी दिलेली माहिती थोडक्यात अशी. वय ३८, उंची १५६ सेंटीमीटर, वजन ७९ किलो. एका खासगी प्रयोगशाळेला लाळेचा नमुना पाठवला आणि रिपोर्ट आला, ‘एफटीओ : एए, स्थूलतेचा उच्च धोका’. आई आणि दोन्ही मावश्या जाड, आईला मधुमेह. नवरा त्यांच्या दीडपट जेवतो, पण त्याच्या अंगाला काही लागत नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. जनुकांतच असेल तर आहार-व्यायामाचा काय उपयोग? आपल्या लोकांत हे जनुक जास्त आहे म्हणून पोटं सुटतात आणि साखर वाढते का? आणि नऊ वर्षांच्या मुलाचीही हीच चाचणी करून घ्यावी का?

मी स्थूलता आणि मधुमेहाचे रुग्ण बघतो. असे रिपोर्ट घेऊन येणारी माणसं ओपीडीत हल्ली वाढली आहेत. काहींना हायसं वाटलेलं असतं, काही पार खचून आलेले असतात. मला दोन्हींची काळजी वाटते, कारण त्या एका ओळीचा अर्थ त्यांना कुणी नीट सांगितलेलाच नसतो. म्हणून आधी तोच सांगतो.

एफटीओ हे एका जनुकाचं नाव. स्थूलतेच्या संदर्भात ते पुढे आलं २००७ साली. ब्रिटनमधले संशोधक मधुमेहाची जनुकं शोधत होते. मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या हजारो लोकांचे जनुकीय नकाशे ताडून बघताना सोळाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकातला एक बदल सारखा समोर येऊ लागला. वजनाचा हिशेब लक्षात घेतल्यावर मधुमेहाशी असलेला संबंध जवळजवळ मावळला. म्हणजे तो बदल आधी वजन वाढवत होता आणि वजनामार्फत मधुमेह आणत होता. पुढे ३८ हजारांहून जास्त लोकांवर पडताळणी झाली. आपल्या प्रत्येकाकडे या जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती ‘ए’ रूपाच्या असलेल्या युरोपीय लोकांचं वजन, एकही ‘ए’ नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोंनी जास्त भरलं. स्थूल असण्याची शक्यता सुमारे पावणेदोन पट.

तुमच्या रिपोर्टातला ‘उच्च धोका’ तो हाच. आता तो तुमच्या आकड्यांना लावून बघू. तुमच्या उंचीला भारतीय निकषाप्रमाणे, म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३च्या आत राहायचं तर, वजन ५६ किलोंच्या आसपास हवं. तुम्ही त्याच्या २३ किलो वर आहात. एफटीओच्या वाट्याला त्यातले सरासरीने तीन किलो जातात. उरलेल्या वीस किलोंबद्दल तो रिपोर्ट अवाक्षर काढत नाही. शिवाय ‘एए’ असणं दुर्मीळही नाही. युरोपात सहातल्या एकाला ते असतं. आपल्याकडे ‘ए’ रूप थोडं कमी आढळतं, तरी साधारण दहात एक माणूस ‘एए’ निघेल. त्यातले कितीतरी सडपातळ असतात आणि त्यांना हे कधी कळतही नाही.

हा बदल शरीरात नेमकं काय करतो, याचा शोध बरीच वर्षं चालला होता. गंमत अशी की तो एफटीओ जनुकात असला तरी जनुकाच्या त्या भागात आहे जिथून प्रथिन बनत नाही. २०१४ आणि २०१५च्या संशोधनातून दिसलं की तो दूरवरच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या दुसऱ्याच जनुकांचं काम वाढवतो. त्यामुळे चरबीच्या पेशी ऊर्जा जाळून उष्णता करण्यापेक्षा साठवण्याकडे झुकतात. पण वजनावरचा त्याचा मोठा परिणाम भुकेतून होतो, असं मला वाटतं. स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांना समोर भरपूर पदार्थ ठेवून जेवू दिलं, तेव्हा ‘ए’ रूप असलेल्या मुलांनी जास्त उष्मांकांचे पदार्थ उचलले. त्यांचं शरीर विश्रांतीत ऊर्जा कमी जाळत होतं असं मात्र आढळलं नाही. त्यांचा ‘चयापचय मंद’ नव्हता. त्यांना खायची इच्छा जास्त होत होती, किंवा पोट भरल्याची जाणीव उशिरा होत होती.

इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देता येतं. एफटीओचं रूप कोणतंही असलं तरी आहार, व्यायाम किंवा औषधाने वजन सारखंच उतरतं. आठ चाचण्यांमधल्या ९,५६३ लोकांची माहिती एकत्र करून हे २०१६ साली तपासलं गेलं. ‘ए’वाल्यांनी कमी घटवलं असं काहीही दिसलं नाही. त्याआधी २०११ साली दोन लाखांहून जास्त प्रौढांच्या माहितीतून दिसलं होतं की जे अंगमेहनत किंवा व्यायाम करतात त्यांच्यात एफटीओमुळे वाढणारा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी असतो. तुमच्या रिपोर्टावरून वागण्यात बदल करायचाच असेल तर तो एवढाच, की रोजचं चालणं तुम्हाला इतरांपेक्षा थोडं जास्तच उपयोगी आहे.

मात्र ‘जनुकांचा फारसा संबंध नाही’ असं मी म्हणतो आहे, असं समजू नका. एफटीओ हा एक बदल आहे. २०१८ साली सुमारे सात लाख लोकांच्या अभ्यासात वजनाशी संबंधित ९४१ बदल सापडले. त्यातला एकेक बदल चिमूटभर परिणाम करतो. सगळे मिळूनही माणसामाणसांतल्या बीएमआयच्या फरकाचा फक्त सहा टक्के हिस्सा समजावून सांगतात. २०१९ साली दुसऱ्या एका गटाने जनुकांतल्या एकवीस लाख जागांची बेरीज करून प्रत्येक माणसाच्या स्थूलतेच्या धोक्याचा गुणांक काढला. सर्वांत जास्त गुणांकाच्या दहा टक्के लोकांचं मध्यमवयातलं वजन सर्वांत कमी गुणांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा सरासरी १३ किलोंनी जास्त होतं. जन्माच्या वेळी या दोन टोकांच्या बाळांत जवळजवळ फरक नव्हता. अठराव्या वर्षी तो १२ किलोंवर गेला होता. म्हणजे ही जनुकं बोलू लागतात ती बालपणी आणि कुमारवयात, मूल स्वतःच्या भुकेप्रमाणे खाऊ लागतं तेव्हा.

आणि तुमचे यजमान? त्यांच्या जेवणाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते खरं असणार. कॅनडात संशोधक क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्यांच्या बारा जोड्यांना शंभर दिवसांतले ८४ दिवस रोज गरजेपेक्षा १,००० उष्मांक जास्त खायला घातले. तो अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. सगळ्या तरुणांना सारखंच जास्तीचं अन्न, सगळ्यांवर देखरेख. सरासरी वजन ८.१ किलोंनी वाढलं. पण कुणाचं ४.३ किलोंनी वाढलं, तर कुणाचं १३.३ किलोंनी. आणि जुळे भाऊ एकमेकांसारखेच वाढले. वेगवेगळ्या जोड्यांमधला फरक एकाच जोडीतल्या भावांमधल्या फरकाच्या तिप्पट होता. ‘तो खातो ते अंगाला लागत नाही, मी वास घेतला तरी लागतं’ ही तक्रार घरोघर थट्टेने घेतली जाते. या अभ्यासाने ती खरी ठरवली आहे. जाड माणसाला आळशी, खादाड म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी ओपीडीत हाच अभ्यास सांगतो. वजनाशी जोडलेली ही जनुकं मोठ्या संख्येने मेंदूत काम करणारी आहेत, भूक आणि तृप्ती सांभाळणारी. ती कुणी निवडून घेतलेली नसतात.

फरक उलट्या दिशेनेही असतो. २०२१ साली सहा लाख चाळीस हजारांहून जास्त लोकांच्या जनुकवाचनातून जीपीआर७५ नावाचं जनुक पुढे आलं. ज्यांच्यात त्याची एक प्रत निकामी आहे, ते इतरांपेक्षा सरासरी ५.३ किलोंनी हलके होते. अशी माणसं दहा हजारांत चारच. तुमचे यजमान त्यांच्यातले असतील असं नाही, पण सडपातळ राहण्यातही नशिबाचा हात असतो हे लक्षात असू द्या.

आता दुसरा प्रश्न, समाजाचा. याच ठिकाणी सर्वांत जास्त गल्लत होते.

एका माणसाचं वजन दुसऱ्यापेक्षा जास्त का, हा एक प्रश्न. सगळ्या समाजाचंच वजन पूर्वीपेक्षा जास्त का, हा दुसरा. जनुकं पहिल्याचं बरंच उत्तर देतात, दुसऱ्याचं जवळजवळ काहीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांचं प्रमाण २००५-०६ साली १२.६ टक्के होतं, २०१५-१६ साली २०.६ झालं, २०१९-२१मध्ये २४. पंधरा वर्षांत जवळपास दुप्पट. एवढ्या काळात लोकांची जनुकं बदलत नाहीत, एक पिढीसुद्धा उलटत नाही. बदललं ते ताट, काम, प्रवास, झोप आणि खिशातले पैसे. प्रश्नपत्रिका सोपी निघाली की सगळ्या वर्गाचे गुण वाढतात, तरी पहिला-दुसरा क्रमांक बहुधा त्याच मुलांचा राहतो. तसंच इथे. परिस्थितीने सगळ्यांचं वजन वर ढकललं. त्यात सर्वांत पुढे कोण गेलं हे बऱ्याच अंशी जनुकांनी ठरवलं. जुळ्यांच्या अभ्यासांतून ‘स्थूलता ४० ते ७० टक्के आनुवंशिक’ असं जे सांगितलं जातं, ते या क्रमवारीबद्दल आहे. ‘तुमच्या वजनातले सत्तर टक्के किलो जनुकांचे’ असा त्याचा अर्थ लावणं चूक आहे.

शिवाय जनुकाचा परिणामसुद्धा काळानुसार बदलतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासात १९४२च्या आधी जन्मलेल्यांत एफटीओचा वजनाशी संबंध दिसत नव्हता. नंतर जन्मलेल्यांत तो ठळक दिसला. रूप तेच, गाव तेच. जन्मसाल तेवढं वेगळं.

पिमा लोकांची गोष्ट याहून बोलकी आहे. अमेरिकेच्या ॲरिझोनात, गिला नदीकाठी राहणारा हा मूळनिवासी समाज. १९६५पासून तिथे मधुमेहाचा अभ्यास चालला आणि जगातलं मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण तिथे नोंदलं गेलं. तेव्हापासून ‘पिमांची जनुकं’ हा शब्दप्रयोग पाठ्यपुस्तकांत रुळला. पण याच वंशाचे लोक सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या डोंगराळ भागात मायकोबा नावाच्या गावीही राहतात. त्यांची शेती हाताने, जेवण मका, घेवडा आणि बटाटा. १९९४ साली दोन्हींची तुलना झाली. मेक्सिकोतल्या पिमांचा सरासरी बीएमआय २४.९ आणि ॲरिझोनातल्यांचा ३३.४. २००६च्या अहवालात मधुमेह मेक्सिकोत ६.९ टक्के, तर ॲरिझोनात ३८ टक्के. ॲरिझोनातल्या पिमांची शेती मोडली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, वरच्या अंगाला आलेल्या वसाहतकऱ्यांनी गिला नदीचं पाणी वळवलं तेव्हा. नंतर सरकारी शिध्यातला मैदा, साखर आणि डुकराची चरबी हे त्यांचं जेवण झालं. हा इतिहास वगळून नुसतं ‘पिमांची जनुकं’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

याच्या दुसऱ्या टोकाला सामोआ आहे. ज्यांना लोकसंख्येतली जनुकीय विविधता समजून घ्यायची आहे त्यांनी हे उदाहरण जरूर अभ्यासावं. प्रशांत महासागरातली ही बेटं, लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. अमेरिकेतल्या आणि सामोआतल्या संशोधकांनी मिळून २०१६ साली ३,०७२ सामोअन प्रौढांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सीआरईबीआरएफ नावाच्या जनुकात त्यांना एक बदल सापडला. प्रशांत महासागरातल्या बेटांबाहेरच्या लोकांत तो जवळजवळ आढळतच नाही, पण सामोआत दर चार प्रतींमागे एक प्रत या रूपाची आहे. म्हणजे जवळपास ४५ टक्के लोकांत निदान एक प्रत असते आणि सुमारे सात टक्क्यांत दोन्ही. दर प्रतीमागे बीएमआय १.३६ने जास्त, एफटीओच्या तिपटीहून जास्त परिणाम. सर्रास आढळणाऱ्या एका रूपाचा इतका मोठा परिणाम तोवर कुठेच दिसला नव्हता. युरोपातल्या कितीही लाख लोकांवर अभ्यास केला असता तरी हे रूप सापडलं नसतं, कारण ते तिथे नाहीच.

प्रयोगशाळेत हे रूप चरबीच्या पेशींत घातलं, तेव्हा त्या पेशींनी जास्त चरबी साठवली आणि ऊर्जा कमी खर्च केली. पुढचा भाग तर फारच महत्त्वाचा आहे. हे रूप असलेल्या सामोअन लोकांत वजन जास्त, पण मधुमेहाचं प्रमाण कमी! वजन वाढवणारं प्रत्येक जनुक रोग वाढवतंच असं नाही. चरबी कुठे साठते, यकृतात आणि आतड्यांभोवती की त्वचेखाली, यावर बरंच अवलंबून असतं. त्यामुळे ‘स्थूलतेचा धोका’ आणि ‘आजाराचा धोका’ या दोन गोष्टी एकाच रकान्यात लिहिणारे रिपोर्ट मला पसंत नाहीत.

तर मग सामोआतल्या स्थूलतेला हे जनुक जबाबदार म्हणायचं का? ज्या ५५ टक्के लोकांत ते नाही त्यांच्यातही स्थूलता भरपूर आहे. दर प्रतीमागे शक्यता १.३ पटच वाढते. आणि शेकडो वर्षं हे रूप त्यांच्यात असताना लोक तारो (अळूचा कंद), नारळ, मासे खाऊन आणि होड्या वल्हवून राहत होते. बाहेरून तांदूळ, डबाबंद मांस, साखरेची पेयं आणि टर्कीच्या चरबीदार शेपट्या येऊ लागल्यावर चित्र पालटलं. या शेपट्यांच्या आयातीवर सामोआ सरकारने २००७ साली बंदी घातली होती. जागतिक व्यापार संघटनेत शिरताना ती उठवण्याचं मान्य करावं लागलं. देश २०१२ साली सभासद झाला. जनुकीय अभ्यासाच्या बातम्या जगभर छापून आल्या, या बंदीची गोष्ट फारशा कुणाला माहीत नाही. सामोआतल्या मुलांच्या वजनावर जनुकापेक्षा या निर्णयाचा अंमल जास्त असणार, असं माझं मत आहे.

जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ साली मांडलेली ‘काटकसरी जनुकां’ची कल्पना इथे हमखास सांगितली जाते. दुष्काळात चरबी साठवणारे तगले, त्यांची जनुकं आपल्यात आली आणि आज सुबत्तेत तीच आपल्याला भोवतात. कल्पना मनाला पटते. सामोआच्या रूपात अशा निवडीच्या खुणा मिळाल्याही आहेत. पण सगळ्या स्थूलतेला ती लावता येत नाही. निवड इतकी कडक असती तर आज प्रत्येकातच ती रूपं असायला हवी होती, आणि तुमच्या यजमानांसारखी माणसं उरलीच नसती. जीवशास्त्रज्ञ जॉन स्पीकमन यांचा हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. आपल्याकडे ‘आपण दुष्काळी प्रदेशातले, म्हणून आपली पोटं सुटतात’ असं कुणी व्याख्यानात सांगितलं तर ते सिद्ध झालेलं शास्त्र नाही, हे ध्यानात ठेवा.

मग आपलं काय? आपल्या लोकांची अडचण वजनकाट्यावर नीट दिसत नाही. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपला माणूस बारीक दिसतो, हातपाय काटकुळे असतात, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. म्हणूनच भारतीयांसाठी २३च्या वर जास्त वजन आणि २५च्या वर स्थूलता धरतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत हवा.

हे जनुकांमुळे का? थोडं असेल. एमसी४आर जनुकाजवळच्या एका बदलाचा कंबरेच्या घेराशी असलेला संबंध २००८ साली भारतीय वंशाच्या लोकांतच उघड झाला. दोन्ही प्रती असलेल्यांचा घेर सुमारे दोन सेंटीमीटरने जास्त होता. पुण्याच्या आणि हैदराबादच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की आपल्याकडे एफटीओचा मधुमेहाशी संबंध वजनाचा हिशेब वजा केला तरी शिल्लक राहतो. युरोपात तो वजनामार्फत येत होता, इथे बहुधा आणखीही एक वाट आहे. तुमच्या आईंना मधुमेह आहे, म्हणून हे तुमच्या कामाचं.

पण दोन सेंटीमीटरने सगळी गोष्ट संपत नाही. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ साली गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची भरली, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने जवळजवळ राखलेली होती. पुढे याच मुलांत दिसलं की गरोदरपणी आईच्या रक्तात बी१२ कमी आणि फोलेट (हेही ब गटातलं जीवनसत्त्व) जास्त असेल तर सहाव्या वर्षी मुलाच्या शरीरात इन्सुलिनला विरोध जास्त असतो. हे आईच्या पोषणातून, गर्भातून आलं, जनुकांच्या अक्षरांतून नाही. घराण्यात चालत आलेली प्रत्येक गोष्ट जनुकातूनच येते असं नाही. आजीचं अर्धपोटी राहणं, आईचं बाळंतपण, घरातलं तेलाचं माप हेही चालत येतंच.

आणखी एक गोष्ट. जास्त-कमी धोका सांगणारे बहुतेक गुणांक युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. २०१९च्या एका आढाव्यात जगातल्या अशा अभ्यासांतले ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे निघाले, आणि दक्षिण आशियाई लोकांत हे गुणांक सुमारे दीडपट कमी अचूक ठरले. आपल्या देशातल्या वेगवेगळ्या समाजगटांमधल्या सुमारे दहा हजार लोकांचं जनुकवाचन करणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती संशोधकांना २०२५च्या जानेवारीत खुली झाली. त्यातून आपले गुणांक तयार होतील, पण तो आताच हातातला रिपोर्ट नव्हे. ‘अमुक जातीत हे असतंच’ अशी वाक्यं तर रिपोर्टातून आणि सल्ल्यातून पूर्ण हद्दपार व्हायला हवीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत जास्त वजनाचं प्रमाण गरीब घरांपेक्षा श्रीमंत घरांत कितीतरी जास्त दिसतं. त्याकडे न बघता जातीच्या जनुकांवर बोट ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे.

जनुकांतला एकच बिघाड निर्णायक ठरतो अशी स्थूलताही असते, आणि तिथे उशीर परवडत नाही. इथून तुमच्या मुलाकडे येतो.

१९९७ साली इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाची दोन चुलत-मावस नात्यातली मुलं तपासायला आली होती. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचं २९. चरबीच्या पेशी लेप्टिन हे संप्रेरक सोडून मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवतात. या मुलांत लेप्टिन बनतच नव्हतं. मेंदूच्या लेखी ती मुलं कायम उपाशी होती. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर ९४ किलोंच्या नऊ वर्षांच्या मुलीचं वजन एका वर्षात १६ किलोंनी उतरलं. या मुलांच्या आईवडिलांना किती जणांनी ‘तुम्हीच लाड करता’ असं ऐकवलं असेल, याचा विचार करून आजही वाईट वाटतं.

हा प्रकार दोन्ही प्रती बिघडल्या तरच होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे जास्त दिसतो. पाकिस्तानात अशा कुटुंबांतल्या अतिस्थूल मुलांत तीसेक टक्क्यांचं कारण केवळ तीन जनुकांत सापडलं. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आहे, त्यामुळे मी दर मुलाच्या वेळी आईवडिलांचं नातं विचारतो. कुणी रागावू नये, तो निदानाचा भाग आहे. एमसी४आरचा बिघाड मात्र एका प्रतीनेही भोवतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या जन्मगटात दर ३३७ मुलांत एकाला तो होता आणि अठराव्या वर्षी त्यांचं वजन इतरांपेक्षा सरासरी १७ किलोंहून जास्त होतं. अशी मुलं सहसा उंचही असतात.

कोणत्या मुलाची जनुकीय चाचणी करायची? वजन पाच वर्षांच्या आत भराभर वाढलं असेल आणि भूक न शमणारी असेल, म्हणजे मूल जेवून उठल्यावर लगेच अन्न शोधतं, रात्री उठून खातं, लपवून खातं. जन्मतः अंग ढिलं होतं, दूध ओढत नव्हतं आणि दोन-तीन वर्षांनी भूक सुटली. बोलणं-चालणं उशिरा आलं, हातापायाला जादा बोट आहे, अंधारात दिसत नाही. आईवडील नात्यातले आहेत आणि घरात असं दुसरं मूल होतं. यातलं काही असेल तर विलंब न लावता बालरोगातल्या संप्रेरकतज्ज्ञांकडे जा. ती चाचणी सहसा रक्तावर होते, बहुतेक वेळा ठरावीक जनुकं अक्षर न्‌ अक्षर वाचली जातात. लाळेवरच्या ‘वेलनेस’ रिपोर्टात ती नसते. काही बिघाडांवर सेटमेलॅनोटाइडसारखं नेमकं औषध अमेरिकेत २०२०पासून मान्यताप्राप्त आहे, म्हणून नाव कळणं उपयोगाचं.

यातलं काही नसेल तर मुलाची एफटीओ चाचणी करू नका, हे मी आग्रहाने सांगतो. त्यातून उपचार बदलत नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या मनावर मात्र ‘मी जाडच होणार’ असा शिक्का बसतो, आणि घरचेही त्याच्या ताटाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. त्याऐवजी दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन भारतीय बालरोग संघटनेच्या वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या. वजन वाढतंय पण उंची थांबली आहे, असं दिसलं तर थायरॉइडसारखी कारणं शोधावी लागतात. मानेवर मागच्या बाजूला काळसर, मखमली पट्टा दिसला तर तो मळ समजून घासू नका, ती इन्सुलिनला विरोध असल्याची खूण असते. आणि घरातला बदल सगळ्यांसाठी एकच ठेवा. सडपातळ बाबांना फरसाण आणि मुलाला काकडी असं करू नका.

तुमच्यासाठी आता करायच्या गोष्टी अशा: एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), यकृताच्या चाचण्या, थायरॉइड, रक्तदाब आणि कंबरेचा घेर. तुमचा बीएमआय ३२च्या वर आहे आणि आईंना मधुमेह आहे, त्यामुळे एफटीओ काहीही असता तरी मी हेच सांगितलं असतं. पहिलं लक्ष्य ५६ किलो ठेवू नका. सहा महिन्यांत पाच-सहा किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसतो. जेवणात डाळ, उसळ, अंडं, दही यांचं प्रमाण वाढवा, कारण तुमची अडचण तृप्ती उशिरा येण्याची असू शकते आणि प्रथिनांनी ती लवकर येते. स्नायू राखायला आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचलण्याचा व्यायाम हवा, नुसतं चालणं पुरत नाही. एवढं करूनही भूक आवरत नसेल तर औषधांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. सेमाग्लुटाइड, टिरझेपटाइडसारखी औषधं भूक-तृप्तीच्या त्याच यंत्रणेवर काम करतात. ती घेणं म्हणजे हार मानणं नव्हे. ती द्यायची की नाही, हे ठरवायला तुमचा जनुकीय रिपोर्ट लागत नाही.

मुलाला दाखवायला न्याल तेव्हा त्याचं लसीकरणाचं कार्ड आणि शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या नोंदी सोबत घ्या. त्यावर जन्मापासूनची वजनं लिहिलेली असतात. वजनाची रेघ कोणत्या वर्षी वर वळली हे त्यावरून कळतं, आणि जनुकीय चाचणी लागणार की नाही ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं.